पितरांच्या पानावर बसणारे अष्टपुत्रे

दिगंबर अष्टपुत्रे यांच्या तब्येतीची चौकशी आमच्या शनिवार पेठेत वर्षभर कोणी करत नसे. भाद्रपद लागला की मात्र लोक त्यांना जिन्यात थांबवून विचारत, "अहो, बरे आहात ना? यंदा येणार ना?" विचारणाऱ्याला काळजी असे ती स्वतःच्या वारलेल्या वडिलांची, आणि त्यात गैर काही नव्हते. पितृपंधरवड्यात ज्या घरी श्राद्ध असते तिथे मेलेल्या माणसाच्या जागी एक जिवंत माणूस पानावर बसवावा लागतो. आदल्या दिवशी त्याला रीतसर बोलावणे करायचे, आला की पाय धुवायचे, गंध लावायचे, आणि तो पोटभर जेवला की वडील जेवले असे समजायचे. आमच्या भागात वडिलांच्या जागी बसणारे म्हणजे अष्टपुत्रे. गेली कित्येक वर्षे ते पंधरा दिवसांत बारा-तेरा जणांचे वडील होत असत.

काम वाटते तितके सोपे नाही. पानावर बसल्यावर बोलायचे नाही. पदार्थाला नावे ठेवायची नाहीत, आणि चांगला झालाय असेही म्हणायचे नाही. पुण्यात ज्या जेवणाला कोणी नावे ठेवत नाही असे हे बहुधा एकच जेवण असावे. शिवाय श्राद्धाचे जेवलेल्या माणसाने त्या दिवशी पुन्हा काही खायचे नाही, असा नियम आहे. अष्टपुत्रे तो कसोशीने पाळत. दुपारी भाजणीचे वडे, तांदळाची खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, कढी आणि लाडू असे सगळे झाल्यावर रात्री ते फक्त पाणी पीत, आणि मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाचे तरी वडील व्हायला मोकळे असत.

हा मान त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाला. वडील काठीसारखे होते आणि परातभर जेवत. दिगंबररावांना वडिलांची जागा मिळाली, भूक मिळाली, काठी तेवढी मिळाली नाही. उंची बेताची, वजन एकशे अडतीस किलो. एका शाळेत ते प्रयोगशाळा सहायक होते आणि मुले त्यांना 'बरणी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते. "बरणीत निदान काहीतरी टिकतं," असे ते एकदा म्हणाले होते. घरात बायको मंदाकिनी, आणि आडनावात आठ पुत्र असले तरी प्रत्यक्षात मुलगी एकच, हेमा. ती लग्न होऊन बाणेरला राहायला गेली होती.

या मानाला दुसरी बाजूही होती. भाद्रपदात ज्यांनी पाय धुतले त्यांना मार्गशीर्षात मुलीच्या लग्नाची यादी करताना अष्टपुत्रे आठवत नसत. श्राद्धाला बसणारा माणूस हळदीच्या दिवशी दारात नको, असे तोंडाने कोणी म्हणत नसे. आमच्याकडे असल्या गोष्टी तोंडाने म्हणायची पद्धत नाही. पत्रिका पोचली नाही की टपालखात्याला दोष देता येतो. आणि चुकून एखाद्या पंगतीत ते बसलेच, तर सगळी ओळ आपले जेवण सोडून त्यांच्या पानाकडे बघे. वाढणारा त्यांच्यापाशी येऊन घाईने पुढे सरके. घरी मंदाकिनीबाई डबे उंच फळीवर ठेवत. शाळेत चहाबरोबर बिस्किटे आली की बशी त्यांना वळसा घालून जाई. वर्षाचे साडेअकरा महिने सगळे जग त्यांना 'पुरे' म्हणत होते. उरलेल्या पंधरा दिवसांत मात्र अनोळखी बायका पदर खोचून म्हणत, "आणखी एक वडा घ्या ना. ह्यांना फार आवडायचा."

ते निवृत्त झाले तो २०१४ सालचा एप्रिल महिना. निरोपसमारंभात मुख्याध्यापक त्यांच्या कार्यतत्परतेविषयी बोलत होते आणि सत्कारमूर्ती खुर्चीत घोरू लागले. मुले हसली. हसणे थांबले ते घोरणे अचानक थांबल्यावर, कारण श्वासही थांबला होता. पुढच्या रांगेतल्या मंदाकिनीबाई शांतपणे उठल्या, व्यासपीठावर चढल्या आणि नवऱ्याचा खांदा हलवला. श्वास सुरू झाला. त्यांनी हे इतक्या सवयीने केले की हेमाला रडू आले. आई रोज रात्री हेच करते, हे तिला तोवर माहीत नव्हते.

मग तपासण्या झाल्या. झोपेत श्वास थांबतो, साखर गोळ्यांना आणि इन्सुलिनला जुमानत नाही, रक्तदाब आहे, गुडघे संपलेत. श्वासासाठी एक यंत्र मिळाले, नाकावर मुखवटा लावून झोपायचे. अष्टपुत्रे झोपेत तो काढून टाकत आणि सकाळी मीच काढला का म्हणून विचारत. शेवटी हेमाने त्यांना डॉक्टर विजयमाला जगतापांकडे नेले. या बाई वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करत. मूळच्या बालेवाडीकडच्या शेतकरी घरातल्या, पन्नाशीच्या, आणि बोलण्यात पेठेतल्या वाटाव्यात इतक्या तुटक.

"आत्तापर्यंत काय काय केलंत?" त्यांनी विचारले.

"मेथीचं पाणी, दुधीचा रस. सकाळी बागेत फेऱ्या. एका महाराजांचा काढा."

"वजन कमी झालं?"

"झालं थोडं. मग परत आलं. येताना सोबत घेऊन आलं."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर पोटाचे चित्र काढले आणि त्यातला मोठा भाग पेनाने खोडून टाकला. उरली एक केळ्यासारखी नळी. "एवढंच राहील. भूक बरीच कमी होते. साखर सुधारते, श्वास सुधारतो, निदान बऱ्याच जणांचा. सगळ्यांचं होतंच असं नाही. काहींचं वजन पुन्हा चढतं. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. टाक्यांमधून गळती झाली तर जिवावर बेततं. क्वचित होतं, पण ज्याला होतं त्याला ते क्वचित नसतं. कातडी लोंबते. हे सगळं ऐकून घरी जा आणि विचार करा. मला घाई नाही."

"मला आहे," हेमा म्हणाली.

"तुमचं पोट कापायचं नाहीये."

अष्टपुत्र्यांनी एकच प्रश्न विचारला. "जेवण किती?"

"वाटीभर. सावकाश, चावून. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं."

"दर दोन-तीन तासांनी," ते म्हणाले, आणि खोडलेल्या पोटाकडे बघत राहिले. त्यांच्या मनात काय आले ते त्यांनी मला पुढे सांगितले. श्राद्धाला एकदाच आणि पोटभर जेवायचे, मग दिवसभर काही नाही. इथे कधीच पोटभर नाही, आणि दिवसभर खात राहायचे. एकाच वेळी दोन्ही नियम पाळणारा माणूस शास्त्रात नव्हता आणि वैद्यकातही नव्हता.

पेठेत बातमी पसरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. त्यांचा चुलत भाऊ श्याम, ज्याचे कसबा पेठेत पूजासाहित्याचे दुकान होते, गिऱ्हाइकांसमोरच म्हणाला, "दिगू, त्यापेक्षा तोंड शिवून घे. टाके ते टाकेच." एका निवृत्त मास्तरांनी मनोनिग्रहावर बोलायला सुरुवात केली. ते स्वतः जन्मजात सडपातळ होते आणि त्याचे श्रेय त्यांनी कायम मनाला दिले होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या भावजयीच्या ओळखीत कोणी असे ऑपरेशन करून बारीक झाले होते, आणि दुसरे कोणी करून वारले होते. दोन्ही एकच व्यक्ती असावी असा संशय येण्याइतके तपशील जुळत होते.

मंदाकिनीबाईंना कोणी विचारले नाही, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

दोन महिने मागेपुढे करून अष्टपुत्रे तयार झाले. कारण विचाराल तर जिना. दुसऱ्या मजल्यावर आपल्या घरी चढताना ते वाटेत आमच्या दाराशी थांबत आणि कठड्याला धरून उभे राहत. एके दिवशी तिथे उभ्या उभ्याच त्यांना डुलकी लागली. जागे झाल्यावर म्हणाले, "असाच जाणार बहुतेक मी. उभ्यानं. उतरवायला जड जाईन लोकांना." त्याच आठवड्यात त्यांनी होकार कळवला. तारीख घटस्थापनेनंतरची मिळाली. त्याआधी तीन आठवडे पातळ आहार घ्यायचा होता: ताक, वरणाचे पाणी, भाज्यांचे सूप आणि एक पावडर. चरबीने फुगलेले यकृत त्याने आक्रसते, नाहीतर आत काम करायला जागा मिळत नाही. आहारतज्ज्ञ मुलगी रोज संध्याकाळी फोन करून विचारणार होती.

घटस्थापनेआधीचे तीन आठवडे म्हणजे बहुतेक सगळा पितृपंधरवडा. हे हॉस्पिटलमधल्या कोणाच्या लक्षात आले नाही, कारण त्यांच्या दिनदर्शिकेत तो नव्हता. हेमाच्या लक्षात आले नाही, कारण तिला वाटले बाबा यंदा अर्थातच जाणार नाहीत. अष्टपुत्र्यांच्या लक्षात आले आणि त्यांना त्यात काही अडचण दिसली नाही.

तो पंधरवडा त्यांनी फार शिस्तीत काढला. सकाळी ताक. दुपारी बोलावणे असेल तर सोवळे नेसून जात, पितरांच्या पानावर बसत, जेवत, आणि परत येऊन पडत. रात्री काही नाही. ज्या दिवशी बोलावणे नसे त्या दिवशी वरणाचे पाणी आणि पावडर. संध्याकाळी फोन येई. "काका, आज काय घेतलं?" "सकाळी ताक. रात्री काही घेणार नाही." "वा. बाकी काही?" "बाकी काही नाही." मुलगी शाबासकी देई. मी त्यांना या काळात जिन्यात भेटलो, तेव्हा ते म्हणाले, "जमतंय हो. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं आहे."

भरतीच्या आदल्या आठवड्यात वजन केले ते एकशे एकेचाळीस भरले.

डॉक्टर जगतापांनी काटा बदलून पाहिला. दुसरा काटाही तेच म्हणाला. साखरेचा अहवाल त्याहून वाईट होता. त्यांनी आहारतज्ज्ञ मुलीला बोलावले. ती बिचारी म्हणाली, काका तर रोज सांगितलं तेवढंच घेत होते, उलट रात्री काहीच नाही. हेमा आईकडे वळली. "आई, घरी काय खात होते?"

"घरी काही नाही गं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "ज्या दिवशी श्राद्धाला बसतात त्या दिवशी तर मी चूलसुद्धा पेटवत नाही. रात्री पाणी तेवढं."

"श्राद्धाला बसतात?" डॉक्टरांनी विचारले.

मग उलगडा झाला. हेमाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. डॉक्टरांनी मात्र सगळे नीट ऐकून घेतले. वडे किती, खीर कशी, तूप कुठे कुठे, आग्रह कोण करतं. मग विचारले, "आणि फोनवर सांगितलं नाहीत?"

"तिनं विचारलं, तुम्ही काय खाल्लं," अष्टपुत्रे म्हणाले. "ते मी नव्हतं खाल्लेलं."

"मग कोणी?"

"कुठे गोखल्यांच्या वडिलांनी, कुठे आपट्यांच्या. मी फक्त पानावर होतो."

ते खोटे बोलत नव्हते. तिथे असलेल्या सगळ्यांना हे कळले, आणि हीच मोठी पंचाईत होती. मंदाकिनीबाईही मान डोलवत होत्या. लग्न झाल्यापासून श्राद्धाचे जेवण त्यांनी नवऱ्याच्या जेवणात कधी धरले नव्हते. तसे धरणे त्यांना चोरीसारखे वाटले असते.

"आमच्यात दशक्रियेला कावळा शिवतो," डॉक्टर म्हणाल्या. "कावळ्याचं वजन कोणी करत नाही म्हणून चालतं." त्यांनी कागद बाजूला सारले. "काका, वजन तुमचं वाढलंय. पितर जेवले असते तर त्यांचं वाढायला हवं होतं. मी आत्ता ऑपरेशन करणार नाही. ही शिक्षा नाही. उद्या मी पोट लहान केलं आणि परवा तुम्ही कोणाचे तरी वडील म्हणून बसलात, तर ते टाके वडिलांचे नसतील. फुटतील ते तुमचे फुटतील. हे ऑपरेशन तुमच्यासाठी बरोबर की चूक, हे मी सांगू शकत नाही. आधी तुम्ही ठरवा, जेवलं कोण. ठरलं की या."

"आणि ठरलं नाही तर?"

"तर यंत्र लावून झोपा, औषधं घ्या, जमेल तेवढं चाला. लोक तसेही जगतात. किती, ते विचारू नका."

तिघे रिक्षाने निघाले. हेमा उतरताना एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्हाला जगायचंय ना?" अष्टपुत्र्यांनी तिला घरी पोचल्यावर फोन कर म्हणून सांगितले.

चार दिवसांनी ते निमकर गुरुजींकडे गेले. गुरुजी कसबा पेठेत राहत. आमच्या भागातली श्राद्धे तेच सांगत, आणि पानावर कोणाला बसवायचे तेही. अष्टपुत्र्यांनी वाटेत बोलणे ठरवून ठेवले होते. गुरुजी विरोध करतील, घराण्यांची नावे घेतील, तुमच्या वडिलांपासूनची परंपरा म्हणतील, आणि मग आपण प्रकृतीचे कारण सांगू, अगदीच ऐकले नाही तर वर्षातून दोन-तीन घरे कबूल करू.

"गुरुजी, पुढच्या वर्षीपासून मला बसता येईल असं वाटत नाही."

"बरं," गुरुजी म्हणाले. ते चष्मा पुसत होते.

"बरं म्हणजे? एवढी घरं आहेत."

"चट मांडू."

चट म्हणजे दर्भाची जुडी. माणूस मिळाला नाही तर ती पानावर ठेवतात आणि माणूस बसला असे समजून श्राद्ध उरकतात.

"शास्त्रात सोय आहे," गुरुजींनी सांगितले. "निम्मी पेठ आता चटावरच भागवते. तुम्ही हौसेनं येत होतात, म्हणून सांगत होतो मी लोकांना तुमचं नाव."

"हौसेनं?"

"मग? मनाला लावून घेऊ नका अष्टपुत्रे. पण दर्भाला मधुमेह होत नाही, आणि त्याला आणायला कोणाला जावं लागत नाही. चहा घेणार?"

अष्टपुत्र्यांनी चहा घेतला. बिनसाखरेचा मागितला, तेव्हा गुरुजी म्हणाले, "अरे वा."

परत येताना ते आमच्या दाराशी नेहमीप्रमाणे थांबले. मी खुर्ची दिली. बराच वेळ धाप ओसरायची वाट बघितली आणि मग म्हणाले, "मला वाटत होतं, मी गेलो नाही तर लोकांचे बाप उपाशी राहतील." "गवत चालतं म्हणे," ते म्हणाले. खरे तर त्यांची सुटका झाली होती. ऑपरेशनच्या आड येणारी एकमेव धर्माची अडचण गुरुजींनी चष्मा पुसता पुसता दूर केली होती. पण अडचण गेली तरी ऑपरेशनला जावेसे वाटत नव्हते, आणि आता त्याला कारण उरले नव्हते. कारण नसताना एखादी गोष्ट नको वाटणे, हे अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला फार उघडे पाडणारे असते.

पुढचे बोलणे मंदाकिनीबाईंनी माझ्या बायकोला सांगितले. दुपारी त्या वाल सोलत बसल्या होत्या. अष्टपुत्रे समोर येऊन बसले आणि म्हणाले, "राहू दे ते ऑपरेशन. दिवाळीनंतर बघू. यंत्र लावत जाईन."

"बरं."

"उगाच जोखीम. डॉक्टरच म्हणाल्या, लोक तसेही जगतात."

"हो, म्हणाल्या." त्यांनी थोडे वाल सोलले. मग विचारले, "यंदा खीर कोणाकडची चांगली होती?"

श्राद्धाच्या जेवणाविषयी बोलायचे नसते. एवढ्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"आपट्यांची," अष्टपुत्रे म्हणाले. "आटवून केली होती. वेलदोडा बेताचा."

"कोणाला आवडली?"

अष्टपुत्रेही एक वाल उचलून सोलू लागले.

"आपट्यांच्या वडिलांना मी पाहिलंय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्यांना गोड चालायचं नाही. साखरेनंच गेले ते."

वाल सोलून झाले. साले गोळा करून मंदाकिनीबाई उठल्या तेव्हा अष्टपुत्रे म्हणाले, "मला आवडली. मलाच."

"मग असं सांगायचं."

"दोनदा मागून घेतली. मागायची नसते."

त्या पुन्हा खाली बसल्या. "मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "श्वास थांबला की हलवायचं, हे माझं कामच आहे असं धरलं. पण आता मला होत नाही. मला झोप लागली आणि तेव्हाच तुमचा थांबला, तर लोक म्हणतील झोपली होती. म्हणून मी झोपतच नाही. इतकी वर्षं लोकांच्या बापांसाठी जेवलात. आता माझ्यासाठी उपाशी राहून बघा."

माझ्या बायकोला हे सांगताना मंदाकिनीबाई वरमल्या. फार बोलले गेले, असे त्यांना वाटत होते.

अष्टपुत्रे दुसऱ्याच दिवशी एकटे बसने डॉक्टरांकडे गेले. नंबर येईपर्यंत बाकावर झोपले. आत गेल्यावर बसायच्या आधीच म्हणाले, "मीच जेवलो." डॉक्टरांनी मान हलवली आणि नव्याने आहार लिहून दिला. पुढचे दोन महिने एका मानसोपचारतज्ज्ञ बाईकडेही जावे लागले. भूक नसताना जेवता का, असे तिने विचारले तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की भूक नसताना काय होते हे आपल्याला माहीत नाही, कारण तशी वेळ आलेली नाही. आग्रह झाला तर नाही म्हणता येईल का, यावर ते म्हणाले, "यंदापर्यंत वर्षातले पंधराच दिवस आग्रह व्हायचा. आता तोही होणार नाही." तिने परवानगी दिली.

ऑपरेशन संक्रांतीनंतर झाले. काही बिघडले नाही. वजन सांगितल्याप्रमाणे उतरत गेले, इन्सुलिन सुटले, बहुतेक गोळ्या सुटल्या, श्वास रात्रभर चालू राहू लागला. डॉक्टर जगतापांनी त्यांचे आधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी शेजारी लावून नव्या रुग्णांना दाखवायची परवानगी मागितली. त्यांनी दिली. अट एवढीच की नाव नको.

पेठेने त्यांना ओळखायला वेळ घेतला. गाल उतरले, गळ्याखाली कातडी लोंबली, सदरा खुंटीवरून उतरवून तसाच चढवल्यासारखा दिसू लागला. श्याम म्हणाला, "दिगू, आता तू फोटोतला वाटतोस. हार तेवढा राहिलाय." ज्यांनी त्यांना आयुष्यभर खाण्यावरून टोमणे मारले तेच आता, काही दुखणं वगैरे नाही ना, म्हणून विचारू लागले. काहीजणांना कर्करोगाचा संशय होता आणि तो त्यांनी सहजासहजी सोडला नाही.

जेवणाचे मात्र डॉक्टरांनी सांगितले होते तसेच झाले, आणि तसेच होईल याची कोणी मनाशी तयारी केली नव्हती. वाटीभर मऊ भात, मूठभर पनीर, चावत चावत अर्धा तास. मग दोन तासांनी पुन्हा. ते दिवसभर जेवत असत आणि जेवले असे त्यांना कधी वाटत नसे. एकदा हेमाने हौसेने खीर केली, कमी साखरेची. चव तीच होती, ते म्हणाले. दुसऱ्या चमच्याला पोटाने नाही म्हटले. नाही म्हणणारा अवयव त्यांच्या शरीरात पूर्वी नव्हता, त्यामुळे ते काहीसे चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिले. मग घाम फुटला, आणि हेमा पातेले आत घेऊन गेली.

भाद्रपद आला. जिन्यात त्यांना कोणी थांबवले नाही. गोखल्यांकडे, आपट्यांकडे, सगळीकडे चट मांडले गेले, आणि कोणाचे वडील त्यामुळे रागावल्याचे ऐकिवात आले नाही. आपट्यांचा मुलगा वाटेत भेटला तेव्हा त्यांना निरखून म्हणाला, "काका, तुम्हाला आता बसवलं असतं तर आजोबांना वाटलं असतं आमच्याकडे उपासच चाललाय." अष्टपुत्रे हसले. सकाळी दहाच्या सुमारास पेठेत घराघरांतून वडे तळल्याचा वास सुटे. तेव्हा ते चपला घालून बाहेर पडत आणि पूल ओलांडून पलीकडे फिरत राहत, दुपारची जेवणे उरकेपर्यंत. चालणे डॉक्टरांनी सांगितलेलेच होते.

एकदा मी त्यांना सरळ विचारले, "केलंत ते बरोबर केलंत असं वाटतं?"

त्यांनी विचार केला. "बरोबरच होतं हो," ते म्हणाले. "चुकलं असतं तर कोणावर तरी चिडता आलं असतं."

सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी दुपारी मी बाहेर पडलो तर ते वरच्या जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसले. ऊन उतरायला अजून वेळ होता. हातात स्टीलचा छोटा डबा होता आणि ते त्यातले काहीतरी एकेक दाणा चावत खात होते.

"किल्ली विसरलात का?" मी विचारले. "आत येऊन बसा."

"नाही, किल्ली आहे." त्यांनी खिसा दाखवला. "दार उघडताना कडी वाजते आमची. आणि ती झोपलीय."

"अहो, उठतील त्या. इथे किती वेळ बसणार?"

"दुपारी बारालाच झोपली आज, खालच्या बाई म्हणाल्या. उठेल तेव्हा उठेल," ते म्हणाले, आणि पुढचा घास चावू लागले.